दोन बिलं

न्यू मॉल्डनच्या स्टेशनापासून चार मिनिटांवर
आमचं हॉटेल. तीन तारे, त्यातला एक
बहुधा पार्किंगसाठी मिळालेला.
मार्चमधल्या एका मंगळवारी वरच्या हॉलमध्ये
दोन कोरियांची अनौपचारिक बोलणी होती.
अनौपचारिक म्हणजे झेंडे नकोत, फोटो नकोत,
टेबलाची लांबी मात्र दोनदा मोजून द्या.

मी मोजली. टेपचं एक टोक दक्षिणेच्या
कांग साहेबांच्या सेक्रेटरीने धरलं, दुसरं उत्तरेच्या पोराने.
दोघांच्या टायची गाठ एकसारखीच.
चौदा खुर्च्या. पाण्याच्या बाटल्या एका उंचीच्या.
लेबलांनी कुणाकडेच तोंड करायचं नाही,
म्हणून मी ती सगळी सोलून काढली.

दुभाषी नव्हता. लागतच नव्हता.
मला त्याचंच नवल वाटत राहिलं.
आमच्याकडे लग्नाआधी बोलणी होतात,
आणि खाल्ली तर तीच बोलणी अंगाला लागतात.
इथे दाराबाहेर ट्रे धरून ऐकताना
यातलं नेमकं काय चाललंय, कळेना.
एकाने शब्द टाकला की दुसरा थबकायचा,
मग पहिला तेच वेगळ्या शब्दात, जरा हळू,
वाटणीनंतर चुलता पुतण्याशी बोलतो तसा.
पोलिसांकडून आलेल्या ब्रायनीने विचारलं, 'भांडण कसलं?'
भाऊबंदकीला इंग्रजी शब्द शोधत
मी कॉफीचं मशीन पुसलं. 'फॅमिली,' म्हटलं शेवटी.

जेवण प्यो ओक-बुन बाईंचं.
बाई प्याँगयांगच्या. एक नदी, तीन देश ओलांडून
सतरा वर्षांपूर्वी या गल्लीत आलेल्या.
त्यांनी वर यायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं.
'माझं तोंड इथे दिसलं
तर तिथे कुणाचं तरी दार वाजेल,' एवढंच म्हणाल्या,
आणि कुट्टूच्या शेवया बर्फाच्या पाण्यात धुऊ लागल्या.

पण भिंतीत जेवण वर नेणारी छोटी लिफ्ट आहे.
तिच्यातून आवाज खाली येतो, डब्यातून यावा तसा.
साडेबाराला बाईंचे हात थांबले.
'तो डावीकडून बोलतोय, कोण आहे?'
डावं तुमच्याकडून की माझ्याकडून, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
'व्हिनेगर कुठे ओततो बघ. रश्श्यात,
की शेवया वर उचलून शेवयांवर.'

मी बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत
कुणाच्या वाडग्यात इतकं निरखून पाहिलं नव्हतं.
री साहेब. पन्नाशी, कानामागे जुना व्रण.
त्यांनी शेवया उचलल्या, धरून ठेवल्या,
आणि व्हिनेगर त्यांच्यावर, थेंब थेंब.
मी कात्री पुढे केली ती हातानेच बाजूला सारली.
समोर कांग साहेबांनी शेवया कापल्या, मोहरी घातली,
नि दहा मिनिटं कुणी सीमेचं नाव काढलं नाही.

खाली येऊन सांगितलं, 'शेवयांवर.'
बाईंनी ओट्याला हात टेकला.
व्रणाचं सांगणार होतो,
तेवढ्यात त्याच म्हणाल्या, 'त्यात काय,
तसं ओतणारं अख्खं शहर आहे.'
आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.
व्रणाचं मी अजून सांगितलेलं नाही.

चारला बोलणी संपली, की थांबली.
कागदावर एक ओळ: पुढची तारीख कळवण्यात येईल.
खाली दोन सह्या, दोन वेगळ्या निळ्या शाईंतल्या.

मग बिल. दोन करा म्हणाले, यावर मात्र एकमत.
वाडगे सात नि सात. चहा सहा नि आठ.
किमचीचं भांडं एकच होतं, मधोमध ठेवलेलं,
आणि ते तळापर्यंत रिकामं.
कुणी किती खाल्ली, ब्रायनीलाही सांगता येईना.
बाईंना विचारलं, कुणाच्या नावावर लिहू?
ओले हात एप्रनला पुसत त्या म्हणाल्या,
'ती माझ्या पगारातून काप.'